मदत हवी आहे: सागवानी होडीचा आतला जुना रंग कसा काढावा?

२६ फुटी सागवानी होडी किनाऱ्यावर ओढून ठेवली आहे. आतून ऑइलपेंटचे पाच-सहा थर आहेत. तळाकडे रंग फुगून पोपडे सुटलेत, वरच्या फळ्यांवर मात्र घट्ट आहे. सर्वांत खाली शेंदरी थर दिसतो. हीट गन वापरू, केमिकल लावू की नुसतं खरवडू? वांक (होडीच्या आतल्या फासळ्या) आणि फळीच्या बेचक्यात हत्यार शिरत नाही.

प्रतिसाद १
शेंदरी थर बहुधा शेंदराचा, म्हणजे शिशाचा असणार. तो कोरडा घासू नका, सँडर तर लावूच नका. स्प्रेच्या बाटलीने ओला करत खरवडा, खाली प्लास्टिक अंथरा. तोंडावर पी१०० (अगदी बारीक धूळ अडवणाऱ्या) फिल्टरचा मास्क हवा, कापडी मास्क उपयोगाचा नाही. कचरा ओलाच गोळा करून पिशवीत बांधा, खाडीत टाकू नका.

घट्ट बसलेला रंग काढायची गरजच नाही. त्याच्या कडा ओल्या ८० नंबर पॉलिशपेपरने उतरत्या करा, तेवढं पुरे.

प्रतिसाद २
हीट गन चालेल, पण ३५०-४०० अंशांवर. त्याच्या फार वर गेलात तर शिशाचा धूर होतो. ब्लो लॅम्प नकोच. फटींपासून चार बोटं लांब राहा. फटी बुजवायला तिथे ठासलेला कापूस आतल्या आत धुमसतो आणि तासाभराने पेट घेऊ शकतो. काम संपल्यावर पाण्याची बादली घेऊन तिथेच थांबा.

मिथिलीन क्लोराइडचं केमिकल होडीत वापरू नका. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळात साचते आणि वाकून काम करणारा माणूस नेमका तिथेच श्वास घेतो. कॉस्टिक सोड्याने साग काळा पडतो, शिवाय तो छिद्रांत राहिला तर नवा रंगही सुटतो. बेचक्यांसाठी त्रिकोणी खरवडा घ्या. त्याची टोकं कानशीने किंचित गोल करा, नाहीतर फळीत चरे पडतील. लोखंडी ब्रशचे कण लाकडात गंजतात, पितळी ब्रश घ्या.

धागाकर्ता
काही ठिकाणी रंगाखाली काळपट, चिकट थर लागतोय.

प्रतिसाद २
बहुधा काजूच्या टरफलाचं तेल आहे. तिथे हीट गन अजिबात नको, त्याच्या वाफेनेही कातडीवर फोड येतात. नायट्राइलचे हातमोजे घाला, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला आणि टर्पेंटाइनच्या फडक्याने मऊ करून खरवडा. फडकी चुरगाळून ठेवू नका, आपोआप पेटू शकतात. पाण्यात बुडवून ठेवा.

प्रतिसाद १
तळाचाच रंग का फुगला, ते महत्त्वाचं. लाकडात मुरलेलं मीठ ओल धरून ठेवतं, त्यावर कितीही चांगला प्रायमर मारला तरी तो फुगणार. म्हणून खरवडून झालं की गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुवा. मग सावलीत वाळवा, कडक उन्हात फळ्या आकसून फटी उघडतात. मॉइश्चर मीटरवर १५ टक्क्यांच्या आसपास आलं की सागाचा तेलकटपणा ॲसिटोनने पुसा आणि त्याच दिवशी पहिला हात १० टक्के पातळ करून मारा.