एमपीआयमध्ये रिक्वेस्टला नाव का नाही?

रँकशून्य: एमपीआय म्हणजे अनेक प्रोसेसनी एकमेकांना मेसेज पाठवायचं स्टँडर्ड. त्यात कम्युनिकेटरला, म्हणजे प्रोसेसच्या गटाला, नाव देता येतं, परत विचारताही येतं, कॉम_सेट_नेम नि कॉम_गेट_नेम १९९७ च्या एमपीआय-२ पासून आहेत, डेटाटाइप आणि विंडोलाही (इतर प्रोसेसना खुला केलेला मेमरीचा तुकडा) तीच सोय. रिक्वेस्टला, म्हणजे सुरू केलेल्या सेंड-रिसीव्हच्या पावतीला, मात्र ठेंगा. आता बघा, थ्री-डी ग्रिड, सहा शेजारी, न थांबता पाठवणारा आयसेंड नि घेणारा आयरिसीव्ह मिळून बारा रिक्वेस्ट, प्रोग्राम सगळ्या पूर्ण व्हायची वाट बघणाऱ्या वेटऑलमध्ये लटकला, डीबगर लावला तर दिसतं काय, एखादा आकडा नाहीतर पॉइंटर. तिथे "पूर्वेकडचा रिसीव्ह" असं दिसलं असतं तर अर्धं काम झालं असतं. रिक्वेस्ट_गेट_नेम हवंच.

बफरवाला: अजिबात पटलं नाही. कम्युनिकेटर एकदा बनवला की बराच काळ टिकतो, साधी रिक्वेस्ट वेट झाला की संपली, हँडल (तिला ओळखायची खूण) रिक्वेस्ट_नल म्हणजे रिकामं, मग नाव विचारणार कोणाला? आणि सिम्युलेशनच्या दर स्टेपला बारा म्हणजे लाख स्टेपला बारा लाख वेळा स्ट्रिंग कॉपी करायची, छोट्या मेसेजला चांगल्या नेटवर्कवर मुळात एक-दोन मायक्रोसेकंद लागतात तिथे. शेजारी नावांचा एक अ‍ॅरे ठेवा, कुठलीही एक पूर्ण होईपर्यंत थांबणारं वेटएनी तिचा इंडेक्स देतंच की.

रँकशून्य: देतं, पण पूर्ण झालेल्याचा! मला अडकलेली हवीय. आणि पूर्ण झाल्यावर मिळणाऱ्या स्टेटसमधल्या सोर्स-टॅगचं (कोणाकडून आला नि मेसेजवरचा खुणेचा आकडा) म्हणाल तर ते रिसीव्हपुरतं, सेंडच्या स्टेटसमध्ये त्यांचा भरवसा नाही.

बफरवाला: मग रिक्वेस्ट_गेट_स्टेटस फिरवा लूपमध्ये, फ्लॅग शून्य आला तो इंडेक्स अडकलेला. पूर्ण झाली का विचारणाऱ्या टेस्टसारखं ते रिक्वेस्ट मोकळीही करत नाही. त्यासाठी स्टँडर्डला हात कशाला लावायचा राव?

हॅलोसेल: बफरवाला, तुमचा खर्चाचा मुद्दा पर्सिस्टंट, म्हणजे एकदा बनवून पुन्हापुन्हा वापरायच्या, रिक्वेस्टला लागूच होत नाही. सेंड_इनिटने बनवलेली वेटनंतर नुसती इनॅक्टिव्ह होते, पुढच्या स्टार्टला तीच चालते, म्हणजे नाव एकदाच द्यायचं. निदान तिथे तरी सोय द्यायला काय हरकत होती? बाकीच्यांसाठी पीएमपीआय, म्हणजे एमपीआयचे कॉल मध्येच पकडायची सोय, आहे, आयसेंडभोवती आपला रॅपर घालून हँडल आणि नाव टेबलात टाका, फक्त वेट झाल्यावर नोंद पुसायला विसरू नका, तोच हँडल पुन्हा वापरला जातो आणि मग जुनंच नाव दिसतं, त्याच्यापेक्षा नाव नसलेलं परवडलं.

रँकशून्य: पर्सिस्टंटला दिलं तरी चालेल मला, पण रॅपरला "पूर्व" कळणार कुठून, त्याला दिसतो रँक (प्रोसेसचा नंबर) नि टॅग. आणि सॉल्व्हर लायब्ररीच्या आतल्या रिक्वेस्टचं काय? तो अ‍ॅरे माझ्या हातात नाही, बफरवाला, तुमचा लूप तिथे फिरणार कसा?

बफरवाला: लायब्ररीवाल्याने कॉम_डुप करून, म्हणजे कम्युनिकेटरची वेगळी प्रत काढून, त्या कॉमला नाव द्यावं, डीबगरला निदान कुणाचा ट्रॅफिक अडकलाय ते तरी दिसेल. बहुतेक जण तेवढंही करत नाहीत, कॉम_गेट_नेमला रिकामी स्ट्रिंग येते. जो कॉमला नाव देत नाही तो एकेका रिक्वेस्टला देईल होय?