घरात आजारी माणूस असताना मॅच लावावी का?

कृष्णाकाठ, सांगली

बाबा अंथरुणावर आहेत. पक्षाघातात उजवी बाजू गेली, वाचाही गेली. त्यांना बघायला आलेल्या नात्यातल्या एका वडीलधाऱ्यांनी खोलीत मॅच चालू दिसताच सुनावलं, "घरात एवढं आजारपण आणि तुम्हाला क्रिकेट सुचतं?" आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मोठ्या माणसाला उलट बोलणं बरं नव्हे म्हणून गप्प बसलो, पण विषय मनातून जात नाही.

माझं मत असं की मॅच लावावी, आणि आजारी माणसाच्या खोलीतच लावावी. १९७१ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यातल्या गावसकरच्या ७७४ धावा कसोटीवार तोंडपाठ असलेला हा माणूस. १९८३ ची फायनल ट्रान्झिस्टर कानाला लावून ऐकलेला. आज त्यांना नातवाचं नाव घेता येत नाही. पण विकेट पडली की "गेला!" हा शब्द तोंडातून स्वच्छ येतो. चौकार बसला की डाव्या हाताने पलंगाच्या कठड्यावर टकटक करतात. दर दोन तासांनी कूस बदलणं, पाठीला पावडर लावणं, ठसका लागू नये म्हणून घट्ट केलेलं पाणी चमच्याचमच्याने पाजणं, हे सगळं मी मॅच चालू असतानाच करतो. मग कुणाचं काय बिघडलं?

दोन मुलींची आई, नाशिक

दादा, बाबांना लवकर आराम पडो. तुम्ही स्वतः सगळं करता हे वाचून बरं वाटलं. पण तुमच्या एका घरावरून सगळ्यांसाठी नियम करू नका.

आमच्याकडे सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. आयपीएल म्हणजे दोन महिने रोज साडेसातला सुरू, संपायला साडेअकरा. आजाऱ्याचं जेवण, रात्रीच्या गोळ्या, इन्सुलिन, डायपर, चादर, सगळं नेमकं त्याच वेळेत येतं. घरातले दोन्ही पुरुष हॉलमध्ये. "ही ओव्हर होऊ दे, आलोच" हे वाक्य मी इतकं ऐकलंय की आजही कुणी म्हटलं तर अंगावर काटा येतो. सासूबाईंना एकटीने उचलताना माझी कंबर गेली ती गेलीच. मॅच वाईट असं मी म्हणत नाही. पण मॅच बघणारा एक आणि करणारी दुसरी असेल, तर त्या घरात टीव्ही बंदच हवा.

कृष्णाकाठ, सांगली

ताई, तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण तो दोष हॉलमध्ये बसून राहिलेल्यांचा. टीव्ही बंद केला असता तर ते उठून चादर बदलायला आले असते का?

दोन मुलींची आई, नाशिक

निदान सबब तरी उरली नसती.

रात्रपाळी, ठाणे

मी स्टाफ नर्स आहे, न्यूरोच्या वॉर्डात काम केलंय. दोन्ही बाजूंना थोडं थोडं सांगते.

वाचा गेलेल्या पेशंटच्या तोंडून ठरलेले शब्द, आकडे, शिव्या, देवाचं नाव असं अचानक येतं. विचार करून बोलणं आणि सवयीने बोलणं वेगळं असतं, त्यातलं दुसरं बऱ्याचदा शाबूत राहतं. तुमच्या बाबांचं "गेला!" त्यातलंच. स्पीच थेरपिस्टला जरूर सांगा, त्या शब्दावरून पुढे काम करता येतं.

पण या पेशंटना थकवा फार लवकर येतो. चार तास सलग आवाज, लाइट, माणसांची ये-जा त्यांना झेपत नाही. एक डाव पुरे, आवाज कमी, आणि झोपेची वेळ झाली की बंद, मग शेवटची ओव्हर का असेना. हृदयाचा पेशंट असेल तर आणखी जपा. २००६ च्या फुटबॉल वर्ल्ड कपमध्ये जर्मनीच्या सामन्यांच्या दिवशी म्युनिक भागात हृदयविकाराच्या तातडीच्या केसेस एरवीच्या २.६६ पट झाल्या होत्या. २००८ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये हा अभ्यास छापून आला. नुसता टीव्हीवर बघायचा खेळ आहे, त्याने काय होतंय, असं कुणी म्हणू नये.

वानखेडे ईस्ट

मी स्वतः पन्नास वर्षं क्रिकेटवेडा, तरीही दोन मुलींच्या आईंच्या बाजूने. खेळाडूंकडेच बघा. फेब्रुवारी २०२४, राजकोट कसोटी. अश्विनने ५०० वी विकेट घेतली आणि त्याच रात्री आईच्या आजारपणासाठी संघ सोडून चेन्नईला गेला. कसोटी अर्धवट, संघात एक गोलंदाज कमी, तरी कुणी ब्र काढला नाही. चौथ्या दिवशी परत येऊन गोलंदाजीही केली. ज्याचं पोट त्या खेळावर आहे तो मैदान सोडून घरी जातो. आपल्याला साधा रिमोट खाली ठेवता येऊ नये?

इंद्रायणी, पिंपरी

मग उलटही बघा. मे १९९९ मध्ये तेंडुलकरचे वडील गेले. तो इंग्लंडहून मुंबईला आला, अंत्यसंस्कार करून परत गेला आणि ब्रिस्टलला केनियाविरुद्ध नाबाद १४० केल्या. त्याला परत पाठवणारी त्याची आई होती. नोव्हेंबर २०२० मध्ये सिराजचे वडील हैदराबादला वारले, तो ऑस्ट्रेलियात थांबला आणि दौरा पूर्ण केला. यांचं घरच्यांवर प्रेम नव्हतं असं म्हणाल?

वानखेडे ईस्ट

नाही म्हणणार. पण त्या मुलांच्या हातात काहीतरी करायला होतं. तुमच्या-माझ्या बघण्याने एक धावसुद्धा वाढत नाही. आजाऱ्याला पाणी दिलं तर त्याची तहान भागते.

माहीमकर

इतकी चर्चा झाली, पण पेशंटला विचारा असं कुणीच म्हटलं नाही. मी सत्तरी ओलांडलेला माणूस, बायपास झालेला. घरी आलो तेव्हा मुलांनी टीव्ही खोलीतून काढला, नातवंडांना दबक्या आवाजात बोलायला लावलं, येणारा-जाणारा तोंड पाडून बसायचा. हेतू चांगलाच होता. पण आपण गेलोच आहोत आणि ही मंडळी दहाव्याला जमली आहेत असं वाटायचं. शेवटी शेजारच्या पोराकडून मी चोरून स्कोअर विचारू लागलो. सुनेने ते ऐकलं आणि कुणाशी काही न बोलता टीव्ही परत आणून लावला. त्या दिवशी मी पहिल्यांदा ताटातलं सगळं जेवलो. आजारी माणसाला माणसांत ठेवा हो. नर्सबाईंनी सांगितलेलं पथ्य पाळा, पण ठेवा.

केळीचं पान, चिपळूण

काका, आणि पेशंटला नको असेल तर? केमो चालू असताना मला फोडणीचा वास आणि टीव्हीचा आवाज, दोन्हींनी मळमळायचं. नवरा प्रेमानेच म्हणायचा, "मॅच लावू का, तुझा वेळ जाईल." वेळ त्याचा जायचा. माझं डोकं भणभणायचं. आपण नको म्हटलं तर त्याचा तेवढा विरंगुळाही जाईल म्हणून मी हो म्हणत राहिले. आजारी बाई घरातल्यांची मर्जी राखत असते, हे लक्षात असू द्या. तिच्या "हो"चा अर्थ दर वेळी हो नसतो.

इंद्रायणी, पिंपरी

केळीचं पान, हे वाचून गलबलून आलं. आमच्या घरी वेगळं घडलं, म्हणून लिहिते. आईचीही केमो गेल्या दिवाळीच्या सुमारास चालू होती. पांढऱ्या पेशी खाली गेल्यामुळे कुणाला भेटायला यायची परवानगी नव्हती. आई आयुष्यभर मॅचच्या वेळी स्वयंपाकघरात राहिली, तिला खेळ येत नाही असंच सगळे धरून चालले होते. महिला वर्ल्ड कपच्या सेमीफायनलला ऑस्ट्रेलियाने दिलेलं ३३९ चं लक्ष्य होतं. जेमिमाने नाबाद १२७ केल्या त्या रात्री आई बसून राहिली. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईतल्या फायनलला तिनेच सांगितलं, लवकर लावा. पावसाने मॅच उशिरा सुरू झाली तेव्हा जरा झोप काढली आणि पुन्हा उठली. मुगाची खिचडी बाबांनी लावली, पहिल्यांदाच. कुकरच्या शिट्ट्या किती करायच्या ते आतून ओरडून विचारत होते आणि आई म्हणत होती, "थांबा हो, शफाली खेळतेय." दीप्तीने पाचवी विकेट घेतली, ५२ धावांनी जिंकलो, आणि आई रडली. आजारपण सुरू झाल्यापासून ती आमच्यासमोर एकदाही रडली नव्हती. त्या रडण्याची तिला गरज होती असं मला अजून वाटतं.

सातासमुद्रापार, न्यू जर्सी

माझा मुद्दा लहान आहे. वडील पुण्यात, आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस. फोनवर तब्येतीचं विचारलं की "बरं आहे" एवढंच उत्तर. क्रिएटिनिन, पाण्याचं माप, काही सांगत नाहीत. मॅचचा विषय काढला की अर्धा तास बोलतात, आणि त्यातच मध्ये "काल मशीनवर जरा चक्कर आली होती" असं निघून जातं. मॅच नसती तर मला ते कळलंच नसतं.

कृष्णाकाठ, सांगली

सगळ्यांचं वाचलं. नर्सताईंचं ऐकून उद्यापासून एकच डाव आणि साडेनऊला बंद. "गेला!"चं थेरपिस्टना सांगतो. पण नातेवाइकांसाठी टीव्ही बंद करणार नाही, ते पुन्हा आले तरी. बाबांना बघायला आलेत तर मॅच बाबांच्या शेजारी बसून बघावी.

दोन मुलींची आई, नाशिक

दादा, तुमच्यासारख्याने खुशाल लावावी. माझं मत मात्र तेच आहे. ज्या घरात आजाऱ्याचं करणारी एकटी बाई आहे, तिथे टॉसच्या आधी विचारा, आज रात्रीचं जेवण, गोळ्या आणि चादर कुणाकडे. उत्तर मिळाल्यावर टीव्ही लावा.