डेव्हिल्स लेकला दोन रात्री: सोबत आई, आठ वर्षांची मुलगी आणि पहिलाच तंबू

नेपरव्हिलकर

नमस्कार मंडळी. गणपती आटोपले की सप्टेंबरच्या शेवटी विस्कॉन्सिनमधल्या डेव्हिल्स लेक स्टेट पार्कला जायचं ठरवतोय. शुक्रवारी दुपारी शिकागोकडून निघायचं, दोन रात्री तंबूत राहायचं आणि रविवारी परत यायचं. आम्ही दोघं, आठ वर्षांची मुलगी आणि भारतातून आलेली माझी आई. आईचं वय सहासष्ट, गुडघे दुखतात, पण हौस दांडगी. शिवाय एक मित्र सहकुटुंब येतोय.

कॉलेजात असताना मी राजमाची, हरिश्चंद्रगड केलेत. तेव्हा देवळात किंवा गुहेत पथारी टाकायची एवढंच माहीत होतं. इथलं आरक्षण, शेकोटीचे नियम, प्राणी यांतलं काहीच ठाऊक नाही. सध्याचा बेत असा: शनिवारी सकाळी तलावाच्या पूर्वेचा कडा, दुपारी पश्चिमेचा. रविवारी पार्फ्रीज ग्लेन ही दरी पाहून घरी. दोन्ही कुटुंबांत मिळून एकच कॅम्पसाइट (तंबू लावायची आखून दिलेली जागा) घ्यावी म्हणतोय, म्हणजे रात्री गप्पा होतील. हे जमेल का? कुठलं कॅम्पग्राउंड चांगलं? आणि आम्ही वर चढत असताना आईने काय करावं?

दगडफूल

तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. मी मॅडिसनला राहते, तलाव इथून तासाभराच्याही आत आहे, आणि बर्फ असो वा ऊन, माझं तिकडे जाणं सुरूच असतं. एका गोष्टीसाठी तुमच्याशी भांडणार आहे: एका दिवसात दोन्ही कडे करू नका. पाय दुखतील म्हणून नव्हे. तुमच्यातलं अर्धं कुटुंब तलावाशी आणि अर्धं वर, असा अख्खा शनिवार जाईल, आणि आईंच्या वाट्याला नुसती वाट पाहणं येईल. तलाव मधोमध आहे, तर बेतही त्याच्याभोवतीच आखा.

आधी आरक्षण. विस्कॉन्सिनच्या स्टेट पार्कांत अकरा महिने आधीपासून साइट मिळतात, आणि हे राज्यातलं सर्वांत गर्दीचं पार्क. सप्टेंबर-ऑक्टोबरचे शनिवार-रविवार फार आधी भरतात. तुम्हाला आत्ता काही दिसलं नाही तरी रोज एकदा पाहत राहा. लोक रद्द करतात, विशेषतः हवामानाचा अंदाज आला की. सुट्टी काढता येत असेल तर रविवार ते मंगळवार जा. मुलीची शाळा बुडेल खरी, पण त्या दोन दिवसांत ती भूगोल शिकून येईल.

एकच साइट जमणार नाही. नियमाप्रमाणे एका साइटवर एक कुटुंब, किंवा एका कुटुंबातले नसतील तर जास्तीत जास्त सहा जण. लगतच्या दोन साइट घ्या, शेकोटी एकीवरच पेटवा. रात्री अकरा ते सकाळी सहा शांतता पाळायची असते, तेव्हा गप्पांचा फड लवकर जमवा.

कॅम्पग्राउंड तीन आहेत: क्वार्टझाइट, नॉर्दर्न लाइट्स आणि आइस एज. झाडी आणि आडोसा हवा असेल तर लोक आइस एज घेतात, पण ते तलावापासून लांब पडतं. आई बरोबर आहेत म्हणून मी डोळे मिटून क्वार्टझाइट सांगेन. जागा मोकळ्या, सावली कमी, पण उत्तर किनारा चालत गाठता येतो. साइट निवडताना नकाशावर स्वच्छतागृह कुठे आहे ते बघा. रात्री दोन वाजता टॉर्च घेऊन आईंना किती चालावं लागेल, हाच खरा प्रश्न आहे. एक सांगून ठेवते, पूर्व किनाऱ्याला लागून रेल्वेचा रूळ जातो आणि त्यावरून मालगाड्या अजून धावतात. मुलीला गंमत वाटेल, कोणाची झोप सावध असेल तर कापसाचे बोळे न्या.

आता चढाई. उत्तर किनाऱ्याकडून दक्षिण किनाऱ्याला गाडीने बराच वळसा आहे, त्याचाच उपयोग करून घ्या. शनिवारी सकाळी आठच्या आत आईंजवळ थांबणाऱ्याने बाकीच्यांना दक्षिण किनाऱ्याच्या पार्किंगला सोडावं. उशीर केलात तर पार्किंग भरतं. तिथून बॅलन्स्ड रॉक ट्रेल चढा. अर्ध्या मैलाहूनही कमी आहे, पण सरळ उभी दगडी पायऱ्यांची वाट. तुम्ही गड चढलेले, तुम्हाला ती ओळखीची वाटेल. 1930 च्या दशकात सिव्हिलियन कन्झर्व्हेशन कोअर या बेरोजगारांसाठीच्या सरकारी योजनेतल्या तरुण मुलांनी इथे दगड रचून वाटा बांधल्या, आणि आजही आपण त्याच वापरतो. मला दर वेळी त्या हातांचं कौतुक वाटतं.

वर पोचल्यावर उजवीकडे डेव्हिल्स डोअरवेला जाऊन या. आडवा दगड पेललेली नैसर्गिक कमान आहे, तिथून दक्षिणेकडचं सगळं खोरं दिसतं. मग मागे येऊन ईस्ट ब्लफ वूड्स ट्रेलने उत्तरेला उतरा. कड्याच्या टोकाने जाणारी वाट जास्त देखणी आहे, पण तिथे कठडे नाहीत, आणि आठ वर्षांच्या मुलीचा हात सतत धरून चालणं दोघांनाही जाचतं. जंगलातली वाट रुंद, उतार सौम्य. खाली उतरलात की थेट आईंच्या पुढ्यात.

बॅलन्स्ड रॉकच्या वाटेने उतरायचं मात्र टाळा, आणि पाऊस झाला असेल तर चढूही नका. हा खडक क्वार्टझाइट, वाळूचाच घट्ट झालेला दगड, काही ठिकाणी काचेसारखा गुळगुळीत. ओला झाला की बुटाचं पकड घेणं संपतं.

उत्तरवारा

दगडफूल यांनी वाटांचं सगळं सांगितलंय, मी तंबूचं सांगतो. सप्टेंबरअखेर दिवसा टी-शर्ट आणि रात्री आठ-दहा अंश सेल्सिअस, कधी त्याहूनही खाली, हे तिथलं साधं गणित. थंडी हवेपेक्षा जमिनीतून जास्त लागते. फुगवायची जाड गादी घेतली म्हणजे काम झालं असं समजू नका. तिच्यातली हवा गार पडते आणि अंगातली ऊब ओढून घेते. गादीवर फोमची चटई किंवा लोकरी घोंगडी अंथरा, मग स्लीपिंग बॅग. आईंसाठी फोल्डिंग खाट नेलीत तर गुडघे वाकवून जमिनीवरून उठायची वेळ येणार नाही, पण खाटेखालून वारा वाहतो, म्हणून घोंगडी तिथेही हवीच. झोपायचे कपडे वेगळे ठेवा, दिवसभर घामाने भिजलेला सुती सदरा घालून झोपू नका. तंबू आधी एकदा घरामागे लावून बघा.

लाकडं घरून नेऊ नका. दहा मैलांच्या आतली किंवा प्रमाणित लाकडंच चालतात, कारण लाकडातून झाडांची कीड पसरते. एमराल्ड अॅश बोरर या भुंग्याने मध्यपश्चिमेतली किती अॅशची झाडं खाल्ली हे इथे कुणीही सांगेल. पार्कमध्ये किंवा जवळच विकत मिळतात.

आणि रॅकून! अन्न, कचरा, टूथपेस्टसुद्धा गाडीत बंद. शीतपेटीचं झाकण ते सहज उघडतात.

नेपरव्हिलकर

दोघांचेही मनापासून आभार. मित्राला फोन केला, लगतच्या दोन साइट शोधतोय. पश्चिमेचा कडा काढून टाकला. आता दोन शंका. आईला नुसतं बसवून ठेवायचं नाहीये, तिला खरंच काही बघता येईल का? आणि गोचीड व साप यांची बायकोला फार धास्ती आहे.

दगडफूल

आईंना बघण्यासारखं इतकं आहे की तुम्हीच मागे राहाल.

त्यांना समोरच्या दगडांची गोष्ट सांगा. हे कडे पाण्यापासून सुमारे पाचशे फूट उंच, खडक दीडशे कोटी वर्षांहूनही जुना. काही शिळांवर प्राचीन समुद्रतळाच्या वाळूतल्या लाटांच्या रेघा अजून बोटाने चाचपता येतात. या दोन कड्यांमधून पूर्वी नदी वाहायची. हिमयुगात हिमनदीने दोन्ही तोंडांशी दगडमातीचे बांध टाकले, नदी दुसरीकडे वळली आणि मधे पाणी अडलं, तोच हा तलाव. यातून बाहेर पडणारा ओढासुद्धा नाही. मुलीलाही हे तिथेच, किनाऱ्यावर उभं राहून समजवा.

दक्षिण किनाऱ्यावर फळ्यांची सपाट वाट आहे, गुडघ्यांना अजिबात त्रास नाही. त्याच बाजूला पक्ष्याच्या आकाराचा मातीचा प्राचीन उंचवटा आहे. पंखांचा पसारा दीडशे फुटांच्या आसपास, हजारेक वर्षांपूर्वी इथल्या मूळच्या लोकांनी रचलेला. हो-चंक लोकांसाठी हा तलाव आजही पवित्र आहे. उंचवट्यावर पाय देऊ नका, मुलांनाही आधीच सांगून ठेवा. आई देवभोळ्या असतील तर त्यांना हे वेगळं सांगायला लागणार नाही.

पश्चिम किनाऱ्याचा टंबल्ड रॉक्स ट्रेल एका बाजूने मैलभर आहे आणि कोसळलेल्या प्रचंड शिळांमधून जातो. चढ नाही, पण पाऊल वाकडंतिकडं पडतं. उत्तरेकडून शिरा, पहिल्या शिळा लागेपर्यंत जा आणि तिथून परत फिरा. सोबत काठी हवी. तलावात फक्त विजेवर चालणाऱ्या मोटरीच्या होड्यांना परवानगी आहे, त्यामुळे इंजिनाचा आवाज नसतो. किनाऱ्यावर खुर्ची टाकून वर बघितलं तर टर्की व्हल्चर, म्हणजे इथली गिधाडं, पंख न हलवता कड्यावर घिरट्या घालताना दिसतील.

साप आहेत. टिंबर रॅटलस्नेकही आहे, पण फार क्वचित दिसतो आणि तो संरक्षित आहे. वाटेवर राहायचं, दगडांच्या फटीत हात घालायचा नाही, एवढं पुरे. गोचिडीचं मात्र मनावर घ्या. हरणांवरच्या बारीक गोचिडीतून लाइम रोग होतो आणि विस्कॉन्सिनमध्ये तो चांगलाच पसरलेला आहे. पँट मोज्यांत खोचा, संध्याकाळी सगळ्यांचं अंग तपासा. गुडघ्यामागे, काखेत, केसांत, मुलीच्या कानामागे. चिकटलेली सापडली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, तेल किंवा जळती काडी लावू नका. चोवीस तासांच्या आत निघाली तर धोका बराच कमी. पॉयझन आयव्ही या अंगाला खाज आणणाऱ्या, तीन पानांच्या वनस्पतीचा फोटो घरीच सगळ्यांना दाखवा.

रविवारी पार्फ्रीज ग्लेनला जायचं की नाही ते त्याच दिवशी ठरवा. दरी सुंदर आहे, पण पुरांनी वाटेची पडझड झालीय, शेवटी ओढ्यातल्या दगडांवरून जावं लागतं. त्यापेक्षा मी सकाळी दशम्या आणि चहा घेऊन पुन्हा दक्षिण किनाऱ्याला जाईन. साइट मिळाली की नंबर इथे टाका, स्वच्छतागृह किती लांब पडतं ते सांगते.