रात्रीच्या जेवणातला तुमचा हातखंडा पदार्थ सांगा (सातारा-सांगली)

रात्री भाकरीबरोबर कोरड्यास, म्हणजे लावून खायला कालवण, काय करायचं, हा प्रश्न आपल्याकडे रोजचाच. डाळ, कडधान्य, शेंगदाणे आणि बरणीतला कांदा-लसूण मसाला एवढ्यावर होणारं, चार माणसांना पुरणारं काहीतरी सविस्तर लिहा. प्रमाण हवंच, पण पदार्थ कुठे बिघडतो आणि का, तेही जरूर लिहा. वाटी म्हणजे १५० मिली धरू.

कराडहून : अख्खा मसूर

एक वाटी मसूर कोमट पाण्यात तासभर भिजवा. रात्रभर नको, शिजताना फुटून वरण होतं. अडीच वाट्या पाणी घालून कुकरला मध्यम आचेवर दोन शिट्ट्या, वाफ आपोआप जाऊ द्या. दाणा अख्खा दिसला पाहिजे आणि बोटांत दाबला की चिरडला पाहिजे. टोमॅटो कुकरमध्ये घालू नका. आंबटामुळे साल कडक राहते आणि मग कितीही उकळा, मसूर मऊ होत नाही.

मोठे दोन कांदे अगदी बारीक चिरून तीन मोठे चमचे तेलात चांगले तांबूस करा. याला दहा-बारा मिनिटं लागतात आणि ती द्यायलाच हवीत. कांदा पांढुरका राहिला तर रस्सा गोडसर लागतो. मग आलं-लसणाचा एक चमचा, एक टोमॅटो. टोमॅटो गळला की गॅस अगदी बारीक करून दीड मोठा चमचा कांदा-लसूण मसाला घाला आणि लगेच दोन चमचे पाणी शिंपडा. मसाल्यातली चटणी (लाल तिखट) आणि खोबरं क्षणात करपतं, आणि तो कडवटपणा नंतर कशानेही जात नाही. कडेने तेल सुटलं की मसूर शिजवलेल्या पाण्यासकट ओता. एक पळी मसूर कढईतच ठेचा, रस्सा मिळून येतो. सात-आठ मिनिटं उकळी. मसाल्यात मीठ असतंच, म्हणून चव बघूनच वरचं मीठ घाला.

पाटणहून : उडदाचं घुटं

सालाची उडीद डाळ एक वाटी. कोरडीच मंद आचेवर वास सुटेपर्यंत भाजा, तीन-चार मिनिटं पुरतात. भाजल्याने डाळीचा चिकटपणा कमी होतो. न भाजता केलेलं घुटं तार धरतं. धुऊन तीन वाट्या पाणी, चमचाभर तेल, कुकरला पाच शिट्ट्या. उडीद फेसाळतो, त्यामुळे कुकर निम्म्याच्या वर भरू नका, नाहीतर शिटीतून पाणी उडतं.

डाळ गरम असतानाच रवीने घुसळा. पदार्थाचं नावच घुटं, तेव्हा इथे आळस नको. नीट घोटलं नाही तर ताटात पाणी वेगळं आणि डाळ वेगळी दिसते. मिक्सर मात्र लावू नका, गिळगिळीत होतं. सहा हिरव्या मिरच्या, दहा लसूण पाकळ्या, चमचाभर जिरं, दोन चमचे सुकं खोबरं आणि मूठभर कोथिंबीर जाडसर वाटा. मोहरी-हिंगाच्या फोडणीत हे वाटण परता, हळद घाला, वर डाळ आणि तीन वाट्या उकळतं पाणी. गार पाणी घातलं तर घुटं फुटतं. ताटात वाढेपर्यंत घट्ट होतं, म्हणून गॅसवर असताना जरा पातळच ठेवा.

विट्याहून : म्हाद्या

भाजी नसेल त्या दिवशीचं कालवण. शेंगदाणे एक वाटी, खमंग भाजून, सालं काढून जाडसर कुटा. मिक्सरला सलग फिरवलं तर तेल सुटून गोळा होतो. थांबत थांबत फिरवा. लसूण-कांद्याची फोडणी, एक चमचा कांदा-लसूण मसाला, तीन वाट्या गरम पाणी. उकळी आली की कूट, मीठ, सुपारीएवढा गूळ. वर तवंग येईपर्यंत उकळायचं, साधारण आठ मिनिटं. तवंग आला नसेल तर कूट कच्चं आहे, पोटाला जड जाईल.

कोरेगावहून

आमच्याकडचा वाघ्या घेवडा वरच्या अख्ख्या मसुरासारखाच करता येतो. फरक इतकाच की तो सकाळीच भिजत टाकायला हवा, सात-आठ तास. भिजवलेलं पाणी फेकून द्या आणि ताज्या पाण्यात पाच-सहा शिट्ट्या करा. अर्धवट शिजलेला घेवडा पोट बिघडवतो, त्यामुळे दाणा आतून पिठूळ झाल्याशिवाय फोडणीत टाकू नका.

प्रश्न, मिरजेहून : कोरड्यास जमतं, भाकरीच थापताना चिरते. पीठ चांगल्या शाळूचंच आहे.

उत्तर, दहिवडीहून : ताई, पीठ किती दिवसांचं आहे ते बघा. ज्वारीच्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, आठ-दहा दिवसांत कमी होते, मग शाळू कितीही चांगला असो. थोडं थोडं दळून आणा. विरी गेलेल्या पिठाला उकळतं पाणी हाच उपाय: एका भाकरीला वाटीभर पीठ, त्यात अर्धी वाटी उकळतं पाणी, चमच्याने कालवून पाच मिनिटं झाका. मग लागेल तसं दोन-तीन चमचे कोमट पाणी घेत तळहाताच्या टाचेने मळा. एका वेळी एकाच भाकरीचं पीठ मळायचं. सगळं एकदम मळून ठेवलं तर शेवटच्या भाकरीपर्यंत सैल पडतं. मळलेला गोळा दोन्ही हातांत दाबून बघा, कडा फाटत असतील तर अजून मळायला हवं.

तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर. तिच्यावर लगेच पाण्याचा हात फिरवा, कुठेही कोरडं पीठ राहू देऊ नका, तिथेच तडा जातो. पाणी नुकतं सुकत आलं की उलटा. लवकर उलटली तर तव्याला चिकटते, उशीर झाला तर भेगाळते. दुसरी बाजू डाग पडेपर्यंत नीट भाजू द्या, मग उलटून पहिली बाजू थेट जाळावर. पापुद्रा सुटून फुगते. एकाच बाजूने फुगत असेल तर थापताना मध्य जाड राहतोय. बोटांचा दाब मधून कडेकडे न्या.

मिरजेहून : पीठ तीन आठवड्यांचं आहे. घुट्याबरोबर आज उकळत्या पाण्याचं करून बघते. तवा लोखंडी घेऊ की बिडाचा?

दहिवडीहून : दोन्ही चालतात. बिडाचा तापायला वेळ घेतो, पण आच सारखी देतो. फक्त पहिली भाकरी टाकण्याआधी पाण्याचा थेंब टाकून बघा, तो नाचत उडाला पाहिजे.