डर्बनचा समुद्र: मे, दिवाळी की नाताळ?

मुठाकाठ

पुढच्या वर्षी आम्ही सहा जण दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनला जाणार आहोत. सासूबाई (वय ७१), दीर, नवरा, मी, चौदा वर्षांची मुलगी आणि नऊ वर्षांचा मुलगा. कधी जायचं यावर घरात तीन तट पडलेत. दिरांचं म्हणणं, समुद्रावर जायचं तर तिथल्या उन्हाळ्यातच जावं, म्हणजे आपल्या नाताळच्या सुट्टीत. नवऱ्याला दिवाळीची सुट्टी सोयीची वाटते. मी म्हणते मे, तोही पहिला पंधरवडा.

कामानिमित्त मी एकदा जानेवारीत दहा दिवस डर्बनला राहिले आहे. कमाल तापमान २८ अंश असं वाचून निर्धास्त गेले होते, कारण पुण्यात एप्रिलमध्ये आपण चाळिशीला टेकलेलो असतो. पण ते २८ अंश वेगळेच निघाले. हवा इतकी दमट, की धुतलेली ओढणी दोन दिवस वाळली नाही. रात्रीसुद्धा पारा २१च्या खाली जाईना. मुंबईत पाऊस यायच्या आधीचा जूनचा पहिला आठवडा आठवा, तसं अंग चिकचिकत होतं. सासूबाईंना दम्याचा त्रास आहे. त्यांना मी त्या हवेत नेणार नाही.

दुसरं म्हणजे तिथे पाऊस उन्हाळ्यात पडतो. वर्षाचा साधारण हजार मिलिमीटर, आणि त्यातला बहुतेक ऑक्टोबर ते मार्च. मेमध्ये दिवसा २४-२५, रात्री १४ च्या आसपास, आकाश निरभ्र. आपल्याकडच्या थंडीतल्या दुपारीसारखी हवा. तिथल्या शाळाही तेव्हा चालू असतात, त्यामुळे किनारे मोकळे. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी जरूर लिहावं.

पाणबुड्या

पूर्ण असहमत. ताई, तुम्ही हवेचं गणित मांडलंत, पाण्याचं विसरलात. मुलं तारकर्ली-गुहागरच्या पाण्यात वाढलेली असणार. ते पाणी २७-२८ अंशांचं असतं. डर्बनला फेब्रुवारीत २५-२६ मिळतं, हिवाळ्यात २१ पर्यंत उतरतं. २१ अंशांत आपली मुलं दहा मिनिटांत ओठ निळे करून बाहेर येतात, हे मी स्वतःच्या भाच्यांबाबत पाहिलं आहे. इतका खर्च करून समुद्राकाठी जायचं आणि टॉवेल गुंडाळून बसायचं? घाम आला तर पाण्यात शिरावं, समुद्र त्यासाठीच असतो. माझं मत नाताळ किंवा फेब्रुवारी.

भूगोलमास्तर

पाणबुड्यांनी २१ चा आकडा बरोबर दिला आहे, पण तो जुलै-ऑगस्टचा. समुद्र जमिनीपेक्षा उशिरा तापतो आणि उशिराच गार होतो. डर्बनच्या किनाऱ्याजवळून अगुल्हास हा उष्ण प्रवाह उत्तरेकडून खाली वाहतो. म्हणून मेच्या सुरुवातीला हवा आल्हाददायक झालेली असते, पण पाण्यात उन्हाळ्याची ऊब शिल्लक असते, साधारण २३ अंश.

आता ऑक्टोबर पाहा. हवा जवळपास मेसारखीच, पण समुद्र हिवाळ्यातून नुकताच बाहेर पडतोय, २१-२२. वर पाऊस सुरू झालेला. ३६ वर्षं शाळेत भूगोल शिकवला, त्यात पोरांना हे समजावणं मला सर्वांत आवडायचं: सारख्या हवेचे दोन महिने समुद्राच्या दृष्टीने सारखे नसतात. दिवाळी आणि मे यांत माझं मत मेला.

उम्लांगावासी

मी मूळची सहकारनगरची, बारा वर्षं झाली इथे उम्लांगात राहते. डर्बनच्या उत्तरेला अगदी लागूनच.

नाताळात येऊ नका, एवढं हात जोडून सांगते. १६ डिसेंबरच्या सार्वजनिक सुट्टीपासून जोहान्सबर्गकडची माणसं समुद्राकडे उतरतात, ती जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत. १ जानेवारीला गोल्डन माईलवर वाळू दिसत नाही. हरवलेली मुलं सापडावीत म्हणून लहानांच्या मनगटाला ओळखपट्ट्या बांधतात. सत्तरीच्या बाईला घेऊन त्या गर्दीत काय करणार? हॉटेलांचे दरही तेव्हा चढलेले असतात.

उन्हाळ्याची एक गोष्ट मात्र खरी चांगली. डिसेंबरात पावणेपाचला उजाडतं. पाच वाजता आम्ही समुद्रावर असतो, आठला उन्हं तापायच्या आत घरी. लिचीही तेव्हाच येते.

मेमधली अडचण ताईंनी लिहिलेली नाही, ती मी लिहिते. सूर्य सव्वापाचलाच मावळतो. अंधार पडल्यावर इथे शहराच्या मध्यभागी पायी फिरत नाहीत, आम्हीसुद्धा नाही. संध्याकाळी जेवून समुद्रावर शतपावली, हे पुण्याच्या माणसाच्या मनातलं चित्र इथे मेमध्ये बसत नाही. दिवस लवकर सुरू करा आणि पाचच्या आत परत या.

पाणबुड्या

उम्लांगावासी ताईंचं म्हणणं ऐकून नाताळचा हट्ट सोडतो, फेब्रुवारीचा नाही. आणि मेच्या बाजूने बोलणाऱ्यांनी सार्डिनचं काय केलं? मेअखेर ते जुलै या काळात सार्डिन माशांचे प्रचंड थवे थंड पाण्याबरोबर दक्षिणेकडून या किनाऱ्यावर येतात. त्यांच्यामागे शार्क, डॉल्फिन, देवमासे. डर्बनला १९५२ पासून शार्कसाठी समुद्रात जाळी लावतात. थवे आले की ती जाळी काढून घेतात, नाहीतर डॉल्फिन आणि देवमासे अडकून मरतात. जाळी नसली की तिथे पोहणं बंद. मुलांना हे कोण सांगणार?

मुठाकाठ

म्हणूनच मी पहिला पंधरवडा म्हणाले, दादा. थवे बहुतेक त्यानंतर येतात. पण तुमचा मुद्दा मोलाचा आहे. जूनमध्ये जाणाऱ्याने पोहण्याची आशा धरून जाऊ नये.

रापणकर

मी जन्माने मालवणचा, नोकरीने पिंपरीचा. मला उलटं वाटतं. जायचं तर त्या थव्यांसाठीच जायचं. किनाऱ्यावरून जाळं टाकून ओढतात, थेट आपल्या रापणीसारखं, आणि गावची माणसं बादल्या घेऊन पाण्यात धावतात. माझे आजोबा रापणीवर होते. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला तेच काम त्याच पद्धतीने चालतं हे कळल्यापासून माझं मन तिकडे आहे. पोहायला आपलं कोकण आहे की. मी जूनच्या शेवटी जाणार.

सातारारस्ता

थोडा वेगळा मुद्दा. डर्बनला जाऊन पीटरमारित्झबर्गला न जाणं मला पटत नाही. जेमतेम ऐंशी किलोमीटर. ७ जून १८९३ च्या रात्री गांधीजींना तिथल्या स्टेशनवर पहिल्या वर्गाच्या डब्यातून उतरवलं. कडाक्याची थंडी होती, ओव्हरकोट सामानात होता, आणि पुन्हा अपमान होईल म्हणून त्यांनी तो मागितला नाही. ही थंडी पुस्तकात वाचून कळत नाही. गाव साधारण पुण्याइतक्याच उंचीवर आहे, पण किनाऱ्यापेक्षा रात्र बरीच गार. मी जूनमध्ये गेलो होतो. त्या फलाटावर संध्याकाळी स्वेटर घालूनही कुडकुडलो, आणि बराच वेळ बोलता आलं नाही. समुद्र कुठल्याही महिन्यात दिसतो.

दिवाळीच्या बाजूनेही एक सांगतो. भारतातून मजुरांचं पहिलं जहाज, ट्रुरो, मद्रासहून निघून १६ नोव्हेंबर १८६० ला डर्बनला लागलं. त्यांचे वंशज तिथे मनापासून दिवाळी करतात. आपल्या आजींना परमुलुखात पणत्या दिसतील. हवेपेक्षा हे मोठं वाटत असेल तर दिवाळीला जा.

भूगोलमास्तर

भावना समजतो, पण दम्याच्या रुग्णाला पावसाळी हवेत नेण्याचं ते कारण होऊ शकत नाही.

एक इशारा मात्र सगळ्यांनाच. महिन्यांच्या सरासरीवर विसंबू नका. ११-१२ एप्रिल २०२२ ला, पाऊस ओसरायच्या वेळी, डर्बनमध्ये एवढा पाऊस झाला की चारशेहून अधिक माणसं गेली. सांडपाण्याची यंत्रणा मोडली आणि कित्येक किनारे दीर्घकाळ पोहण्यासाठी बंद राहिले. मुठेला पूर आल्यावर भिडे पुलाखालचं पाणी कसं दिसतं ते आपल्याला माहीत आहे, नदीमुखाजवळचा समुद्र तसाच होतो. जाण्याआधीच्या दोन आठवड्यांत तिथे पाऊस किती झाला ते पाहा, आणि कोणता किनारा खुला आहे हे पोचल्यावर रोज विचारा.

उम्लांगावासी

मास्तरांना दुजोरा. आम्ही मोठ्या पावसानंतर काही दिवस पाण्यात उतरतच नाही.

आणि मुलीला प्राण्यांची आवड असेल तर मेचं आणखी एक कारण. ह्लुह्लुवे-इम्फोलोझीचं अभयारण्य गाडीने तीन-साडेतीन तासांवर आहे. पांढरा गेंडा जगात उरला तो याच जंगलामुळे. कोरड्या दिवसांत गवत बसतं आणि जनावरं पाण्यावर येतात. जानेवारीत उंच गवतात गेंडासुद्धा दिसत नाही. सासूबाई शाकाहारी असतील तर बीन्सचा बनी चाऊ मागा. पाव पोखरून आत उसळ भरलेली असते, त्यांना आवडेल.

मुठाकाठ

दीर आत्ता शेजारी बसून हे सगळं वाचताहेत. गर्दीचा आणि मनगटावरच्या पट्ट्यांचा परिच्छेद त्यांनी दोनदा वाचला, नाताळचं नाव मागे घेतलं. ४ मेच्या आसपास निघायचं, मुंबईहून दुबईमार्गे. चुलत नणंदेचं लग्न २ तारखेला आहे, ते उरकूनच. समुद्र सकाळी नऊ ते दुपारी तीन, दोन दिवस जंगल, एक दिवस पीटरमारित्झबर्ग. सासूबाईंची शाल हातातल्या पिशवीत ठेवणार, सामानात नाही.

पाणबुड्या

जाऊन या. फक्त एक करा, ताई. मुलगा पहिल्या दिवशी पाण्यात किती मिनिटं टिकला ते घड्याळ लावून इथे लिहा. अर्ध्या तासाच्या वर गेला तर मी फेब्रुवारीचा विषय पुन्हा काढणार नाही.