प्लॉट फुकट दिला की कारखानदारी येते म्हणे!

वाळूजचा टर्नर
काल इथं एकानं लिहिलं, ‘संभाजीनगरजवळच्या बिडकीन एमआयडीसीत जमीन फुकट द्या, वीज निम्म्या दरात द्या, दहा वर्षांत मराठवाड्याचा व्हिएतनाम होतो.’ खाली दोनशे अंगठे. सोळा वर्षं जॉबवर्क करतोय, म्हणजे मोठ्या कंपन्यांना सुटे भाग करून देतोय, गप्प बसवेना.

बजाज १९८५ला वाळूजला आली तेव्हा सवलती होत्याच. पण वाळूज उभं राहिलं ते गेटच्या बाहेर. आतले टर्नर-फिटर बाहेर पडले, दोन जुने लेथ घेऊन पत्र्याच्या शेडमध्ये बसले आणि बुशसारखे सोपे पार्ट करता करता अवघड पार्टपर्यंत पोचले. माझे मामा त्यातलेच. चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये डाय, म्हणजे साचे, करायला शिकलेली पोरं या शेडवाल्यांना मिळाली. आता व्हिएतनामच काढलाय तर ऐका. सॅमसंग तिथं गेली तरी सुट्या भागांचं मोठं काम कितीतरी वर्षं मागोमाग आलेल्या कोरियन पुरवठादारांकडेच होतं. जमीन तिथली, हात तिथले, डोकं बाहेरचं.

उलट बांगलादेश बघा. १९७९मध्ये तिथल्या देश गारमेंट्स कंपनीनं १३० माणसं कोरियात देवू कंपनीकडे कपड्याचं काम शिकायला पाठवली. परत आल्यावर पुढच्या काही वर्षांत त्यातली बहुतेक दुसरीकडं पळाली, काहींनी स्वतःचे कारखाने टाकले. मालक चिडला असेल, पण तिथला कपड्याचा धंदा पसरला त्यात या पळालेल्यांचा मोठा हात आहे.

म्हणजे धंदा पसरतो तो शिकलेल्या हातांनी आणि लहान शेडांनी, आणि शेड टिकते वेळेवर आलेल्या पैशावर. म्हणून प्लॉटचा भाव सोडा, माझं बिल कधी निघतं ते विचारा. लहान कारखानदाराला ४५ दिवसांत पैसे द्या, हा कायदा २००६चा. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही चक्रवाढ. मी आजवर एक रुपया व्याज मागितलेलं नाही. मागितलं तर पुढची ऑर्डर शेजारच्या शेडला. आयकरात ४३बी(एच) कलम आलं, म्हणजे नोंदणीवाल्या लहान कारखानदाराचं बिल वेळेत दिलं नाही तर पैसे देईपर्यंत तो खर्च वजा धरता येत नाही, तेव्हा एका गिऱ्हाइकाचा खरेदीवाला गोड आवाजात म्हणाला, ‘लहान उद्योगाची ती उद्यम नोंदणी काढून टाका ना, तुम्हालाही बरं, आम्हालाही बरं.’ अडकलेल्या पैशात धातू कापणारं जुनं, संगणकी व्हीएमसी मशीन आलं असतं.

जालना सळई
निम्म्या दरात वीज मागितली तर एवढं काय झोंबलं? आम्हा सळईच्या भट्टीवाल्यांना स्क्रॅपनंतर सगळ्यात मोठा खर्च विजेचा. रायपूरची सळई ट्रकभाडं भरून आमच्या दारात भावाला भिडते. तुमचं व्हीएमसी बंद पडलं तर एक पार्ट जातो, आमचा फीडर ट्रिप होऊन वीज गेली तर भट्टीत माल गोठतो.

आणि शिकलेली पोरं, शिकलेली पोरं करायलात, ती आहेत कुठं? माझ्या मिलवर सगळे यूपी-बिहारचे. गावातला एखादा आलाच तर तिसऱ्या दिवशी चुलतभावाचं लग्न, चौथ्या दिवशी भरतीचा फॉर्म.

डिप्लोमा मेकॅनिकल, सध्या तलाठी भरती
काका, फॉर्म भरणारा मीच. गाव पाथरीजवळ. डिप्लोमा झाल्यावर शेंद्र्याला ठेकेदारामार्फत लागलो. बारा तासांची पाळी, एका खोलीत सात जण, आणि अकरा महिने झाले की कायम करायला नको म्हणून नोकरीत ब्रेक. तीनदा घेतला ब्रेक. तीन वर्षं एकच सीएनसी, म्हणजे संगणकी मशीन. जॉब लावा, बटण दाबा, जॉब काढा. ऑफसेट, म्हणजे हत्याराच्या मापातली दुरुस्ती, बदलायचा तर मशीन लावणारा सेटर येणार, आम्ही हात लावायचा नाही. तीन वर्षांचा अनुभव म्हणून काय सांगू, बटण दाबता येतं?

लातूरकरीण
विजेचं काय घेऊन बसलात. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी भरलंय आम्ही, घागर घेऊन. त्याच उन्हाळ्यात हायकोर्टाला मद्याच्या कारखान्यांच्या पाण्यात कपात करायला सांगावं लागलं. आधी पाण्याचं बोला. आणि पोरं पोरं चाललंय, पोरींचं कोण बोलणार? माझी बहीण आयटीआय फिटर. दुसऱ्या पाळीनंतर एमआयडीसीच्या फाट्यावरून घरी यायला बस नाही, म्हणून ती आता साड्यांच्या दुकानात बसते.

जालना सळई
ताई, बसचा मुद्दा पटला. पाण्याचाही. पण हे भरतीवाले! घाम नको, खुर्ची पाहिजे. आमच्या वडिलांनी मोंढ्यात हमाली करून…

डिप्लोमा मेकॅनिकल, सध्या तलाठी भरती
वडिलांनी केली ना, तुमचा मुलगा करतो का? मागच्याच धाग्यात लिहिलं होतंत, पुण्यात आयटीत आहे. त्याला का नाही उभं केलं भट्टीसमोर?

जालना सळई
घरच्यांवर जायचं काम नाही. नीट बोल.

वाळूजचा टर्नर
अरे बाबांनो, मी बिलांचं लिहिलं होतं.

डिप्लोमा मेकॅनिकल, सध्या तलाठी भरती
दादा, तुम्हालाच विचारतो. तुमच्या शेडमध्ये पोराला ऑफसेट टाकायला शिकवता का?

वाळूजचा टर्नर
एकाला शिकवला. ड्रॉइंग वाचण्यापासून. दीड वर्षात पक्का सेटर झाला आणि एका मोठ्या कंपनीनं चार हजार जास्त देऊन उचलला. तेव्हापासून नाही शिकवत.

लातूरकरीण
म्हणजे बांगलादेशातले चिडलेले मालक तुम्हीच की!

वाळूजचा टर्नर
लागलं. पण ज्या कंपनीनं त्याला उचललं तिच्याकडंच माझं चार महिन्यांचं बिल होतं. माझेच पैसे दाबून माझाच माणूस नेला. त्याचं काय?

जालना सळई
बरं, तुमचं बिल-पुराण खरं आहे, मान्य. माझीही ठेकेदारांकडं सळईची उधारी पडून आहे. तेवढ्यापुरतं मान्य, विजेवरून मी हटणार नाही.

आणि डिप्लोमा, तुझी जीभ लांब आहे. मिलवर मेंटेनन्सला माणूस पाहिजे. येतोस का?

डिप्लोमा मेकॅनिकल, सध्या तलाठी भरती
पगार? ब्रेक?

जालना सळई
ब्रेक नाही. पगार सहा महिने काम बघून ठरवू.

डिप्लोमा मेकॅनिकल, सध्या तलाठी भरती
लिहून द्या. तोवर फॉर्म भरून ठेवतो.