वेगळा कप, मागची लिफ्ट: तुम्ही काय पाहिलंत?

काल सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला, कामवाल्या बायका आणि डिलिव्हरीच्या मुलांनी मागचीच लिफ्ट वापरावी. खाली अंगठ्यांची रांग. मला आजीच्या मोरीतला कोनाडा आठवला. तिथे कान तुटलेला कप पालथा असे, भांडीवाल्या आजींचा. चहा वरून ओतायचा, कप त्यांनीच विसळायचा. घरातलं शेंबडं पोरही त्यांना अगं-तुगं करी. तुमचेही अनुभव लिहा.

पोळीभाजी
आई घरोघरी पोळ्या करायची. एका घरून दिवाळीचा चिवडा संक्रांतीला मिळाला, पार खवट. वर म्हणे, "तुमच्याकडे चालतं." चिवडा टाकला, ते "तुमच्याकडे" अजून कानात आहे.

मुठाकाठ
@पोळीभाजी वाईट वाटलं गं.
आमच्याकडे कचऱ्याच्या ताईंना नावाने कोणी हाक मारत नाही. पुण्यात १९९३ला बाबा आढावांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरा वेचणाऱ्यांची संघटना उभी राहिली, या बायकांना ओळखपत्रं मिळाली. तरी परवा एकाने गॅलरीतून पिशवी फेकली, ताईंच्या पायाशी फुटली. आत डायपर. त्यांनी हातानेच गोळा केलं. डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, एवढंच त्यांचं मागणं आहे.

नवी_आई
ठिपक्याची पाकिटं विकत घ्यायची का? लेक आठ महिन्यांची आहे.

मुठाकाठ
नाही गं, जुना पेपर आणि लाल स्केचपेन. झालं.

बांधावरून
कप, लिफ्ट शहरात. आमच्या वस्तीचं नावच जातीवरून होतं. धाकटा भाऊ कॉलेजात पत्ता विचारला की शेजारच्या गावाचं नाव सांगायचा. डिसेंबर २०२०मध्ये मंत्रिमंडळाने अशी नावं बदलायचं ठरवलं, आमची पाटी बदलली. एसटीतून उतरताना मात्र कंडक्टर जुनंच नाव ओरडतो, अख्खी गाडी वळून बघते. भाऊ आता एक थांबा आधी उतरून चालत येतो. कोणाला सांगू?

साधना_ता
@बांधावरून डेपोत आगारप्रमुखांकडे लेखी द्या, गाडीची वेळ घालून. पोच घ्या. भावाला एकट्याला पाठवू नका, गावातले चारजण जा.
@पोळीभाजी आईंची घरेलू कामगार मंडळात नोंद आहे का? कायदा २००८चा आहे.

पोळीभाजी
आई साठीच्या पुढे गेली ताई, आता घेत नाहीत. मावशी अजून कामं करते, तिची करते. कुकर झाला, येते.

बांधावरून
सोमवारी जातो. अर्ज लिहून इथेच टाकतो, बघाल का?

साधना_ता
टाका. रात्री बघते.